के-स्वॅप

के-स्वॅप : मुख्यतः १९९० च्या दशकातील होंडा सिव्हिकचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी होंडाच्याच ‘के’ मालिकेतील संगणकनियंत्रित इंजिन बसवण्याचे काम. अमेरिकेतील हौशी गाडीवाल्यांमध्ये हा शब्द रुळला.

नवे इंजिन हवे तर नवी गाडीच का घेत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर सांगाड्यात आहे. १९९२ ते १९९५ या काळातली, ‘ईजी’ या नावाने ओळखली जाणारी सिव्हिक वजनाने जेमतेम एक टनाची. तिच्या चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, त्यामुळे वळणावर टायर रस्ता धरून राहतो. २००० नंतरच्या सातव्या पिढीत पुढचे विशबोन गेले आणि मॅकफर्सन स्ट्रट आले. जुन्या सिव्हिकमध्ये उणीव होती ती ताकदीची. अमेरिकेतल्या साध्या मॉडेलचे दीड लिटरचे इंजिन १०२ अश्वशक्तीचे होते. २००१ च्या जपानी होंडा इंटेग्रा टाइप आरमध्ये आलेले दोन लिटरचे के२०ए मात्र २२० अश्वशक्ती देते, तेही टर्बोशिवाय.

लोखंडाची कामे आधी येतात. जुन्या सिव्हिकच्या इंजिनाची पुली गाडीच्या डाव्या बाजूला आणि गिअरबॉक्स उजवीकडे असतो. ‘के’मध्ये नेमके उलटे. त्यामुळे जुन्या माउंटिंगवर ते बसतच नाही. हॅसपोर्टसारख्या कंपन्या यासाठी तयार माउंटिंग विकतात. हवा घेणारी बाजू पुढे येते, धूर सोडणारी मागे फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्याकडे जाते. गिअर रॉडऐवजी केबलने पडू लागतात, आणि अ‍ॅक्सलही वेगळे लागतात.

खरी कसोटी वायरिंगची. जुन्या सिव्हिकमध्येही संगणक होता, पण त्याचा कारभार आटोपशीर होता. ‘के’चा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, क्रँक आणि कॅमशाफ्टची स्थिती, हवेचा दाब, पाण्याचे तापमान, धुरातला ऑक्सिजन, इंजिनातली ठोक असे सगळे क्षणोक्षणी वाचतो आणि त्यानुसार इनटेक कॅमशाफ्टचा कोन बदलत राहतो. एखादा कप्लर चुकीच्या जागी गेला, एखादी अर्थिंग सैल राहिली, तर तो चुकीच्या आकड्यांवर हिशेब करतो. म्हणूनच जाणता माणूस नवे हार्नेस (वायरींचा जुडगा) गाडीत टाकण्याआधी जमिनीवर अंथरतो आणि एकेका वायरीला चिठ्ठी बांधतो. या कामात घाई करणाऱ्याला पुढे अख्खा डॅशबोर्ड पुन्हा खोलावा लागतो.

दुसरा अडसर चावीचा. ईसीयू ज्या गाडीतून आला तिच्या चावीतली चिप त्याला ओळखीची असते, सिव्हिकची चावी अनोळखी. अशा वेळी स्टार्टर इंजिन छान घुमवतो, पण पेट्रोल सोडले जात नाही आणि इंजिन सुरू होत नाही. होंडाटा कंपनीचा के-प्रो हा बदललेला ईसीयू यासाठीच प्रिय ठरला. त्यात ही चावीची अट बंद करता येते आणि पेट्रोल, ठिणगी, व्हीटेक (झडपांची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा) केव्हा लागावे हे लॅपटॉपवरून ठरवता येते. २००६ च्या सिव्हिक एसआयचे इंजिन घेतले तर आणखी एक काम वाढते. त्याचा थ्रॉटल केबलवर नव्हे, विजेवर चालतो, म्हणून तो तसाच ठेवायचा तर सेन्सर असलेले अ‍ॅक्सिलरेटर पेडलही सोबत आणावे लागते.

शेवटी प्रश्न कायद्याचा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात इंजिन बदलायला मनाई नाही, पण अटी स्पष्ट आहेत. इंजिन गाडीच्याच सालाचे किंवा त्याहून नवे हवे, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह प्रदूषण रोखणारी त्याची सगळी साधने जागेवर हवीत. सरकारने नेमलेला रेफरी ती तपासतो आणि मगच गाडीला लेबल लावतो. हौसेला वाट देऊनही हवेची काळजी घेणारी ही पद्धत इतरांनी अभ्यासावी अशी आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. इंजिनाचा क्रमांक आरसी बुकात नोंदलेला असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला पान्याला हात लावण्याआधी आरटीओत चौकशी करावी लागते.