समनामी अवयव (पृष्ठवंशी प्राणी)

एकाच किंवा फार जवळच्या नावाने ओळखले जाणारे, पण जागा, घडण वा उगम यांनी वेगळे असलेले शरीरभाग. बोलीतले नाव बहुधा आकारावरून पडते. शरीररचनाशास्त्रात अवयव ओळखला जातो तो शेजारची हाडे, स्नायू व मज्जातंतू यांच्याशी असलेल्या नात्यावरून आणि भ्रूणातील उगमावरून. उगमाने एक असलेले अवयव (समजात) आणि केवळ कामाने सारखे असलेले अवयव (सदृश) यांतला भेद रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये स्पष्ट केला. पाळीव जनावरांच्या अवयवांची लॅटिन नामावली १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढील उदाहरणे मुख्यतः गोवंशातील आहेत. अर्धापूर, लोहा, कंधार, उदगीर, देवणी हा नांदेड–लातूरचा पट्टा लाल कंधारी व देवणी या जातींचा. तेथे बैलाच्या अंगाला बोलीत भरपूर नावे आहेत आणि माळेगावच्या खंडोबा यात्रेतील जनावरांच्या बाजारात ती कानी पडतात.

गुडघा : बसताना जनावर पुढच्या पायाचा जो सांधा आधी टेकते, त्याला सर्रास गुडघा म्हणतात. रचनेने ते मनगट होय. त्यात सहा लहान हाडे असतात, वरच्या ओळीत चार व खालच्या ओळीत दोन. खरा गुडघा मागच्या पायात, कुशीखालच्या कातडीच्या घडीत दडलेला असतो. मागच्या पायाचा जो सांधा मागे टोकदार दिसतो तो घोटा, आणि ते टोक म्हणजे टाचेचे हाड. गाय बोटांच्या शेंड्यांवर चालते. खुराच्या दोन फाळ्या म्हणजे तिसऱ्या व चौथ्या बोटाची नखे. ओळखीची सोपी कसोटी वाटीची : जिथे वाटी, तो गुडघा. ही वाटी वर सरकून अडकली की मागचा पाय ताठ होतो व जनावर तो ओढत चालते. गोवंशात वाटीला तीन बंध असतात, त्यांपैकी आतला बंध कापून पाय मोकळा करतात. ‘बैलाचा गुडघा धरला’ एवढ्याच निरोपावरून पुढचा पाय तपासावा की मागचा, हे ठरत नाही.

नळी : मटणाच्या दुकानात मगज असलेले कोणतेही लांब हाड. बैलाच्या घोट्याखालची व पुढच्या ‘गुडघ्या’खालची नळी प्रत्येकी तिसऱ्या व चौथ्या बोटाची हाडे जुळून झालेली असते. सुटी सापडल्यास : मागची लांब, छेद जवळजवळ चौकोनी, पुढची आखूड, मागील बाजूने चपटी. घोड्यात एकट्या तिसऱ्या बोटाचेच हाड मोठे असते.

सुळा : कुत्र्याचा व रानडुकराचा सुळा हा खरा सुळा. हत्तीचा सुळा मात्र वरच्या जबड्यातील वाढलेला पटाशीचा दात आहे. गाय-बैलांना वर पुढे दातच नसतात, तिथे कठीण गादी असते. खाली आठ दात दिसतात. त्यांतील कडेची जोडी बहुतेक ग्रंथांत रूप बदललेले सुळे मानली जाते, काही ठिकाणी ती पटाशीच्या दातांतच मोजतात. बाजारात हा वाद नाही. खालचा ओठ ओढून आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती व जुळलेला असे वय ठरते आणि आठव्या दाताचे कूळ कोणी विचारत नाही. दाढांसह पूर्ण वाढलेल्या जनावराचे दात ३२.

वशिंड : बैलाचे वशिंड म्हणजे मुख्यतः खांद्यावरचा स्नायू, त्यात चरबी मिसळलेली. उंटाचे वशिंड (मदार) जवळजवळ चरबीचेच. दोहोंतही पाठीचा कणा वर उचललेला नसतो. बैलाला वशिंडाचा नेमका उपयोग काय, याबाबत एकमत नाही.

इलियम : लहान आतड्याचा शेवटचा भाग (शेषांत्र) आणि कमरेच्या हाडाचा वरचा रुंद भाग या दोघांचे नाव देवनागरीत अक्षरशः एकच उमटते. लॅटिन लेखनात एका स्वराचा फरक असतो, मराठी पुस्तकात तोही उरत नाही. त्यामुळे शेषांत्र हा शब्द वापरणे केव्हाही बरे.

काळीज : खाटकाकडे यकृत, गाण्यात हृदय. पशुवैद्यकीय अहवालात हा शब्द टाळावा.

मूत्रवाहिनी व मूत्रमार्ग : मूत्रवाहिन्या दोन, मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत, मूत्रमार्ग एक, तेथून बाहेर. बैलाच्या मूत्रमार्गाला नागमोडी वळण असते व मूतखडा बहुधा तिथेच अडकतो. खच्ची केलेल्या बैलांत ही तक्रार विशेष आढळते. उदगीर व परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्यांनी या दोन नळ्यांचा भेद पहिल्या वर्षीच पक्का करावा.

थायमस व थायरॉइड : वासराच्या मानेत दोन्ही शेजारी येऊ शकतात. थायमस पुढे आक्रसतो, थायरॉइड राहतो.

शिरा : माणसाची ‘ऊर्ध्व’ महाशीर चतुष्पादात ‘पुढची’ महाशीर होते, कारण शरीर आडवे असते.

पक्षी : उलटा वाकलेला ‘गुडघा’ म्हणजे घोटा.

मासे : काहींत श्रोणिपक्ष (कमरेचे पर) अंसपक्षांच्याही (खांद्याच्या परांच्याही) पुढे असतात.