टेंपल, शर्ली
(२३ एप्रिल १९२८ – १० फेब्रुवारी २०१४). अमेरिकन बालअभिनेत्री व राजनैतिक अधिकारी. जन्म सँटा मॉनिका (कॅलिफोर्निया) येथे. महामंदीच्या काळात त्या अफाट लोकप्रिय झाल्या. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षे तिकीटबारीवर त्या अग्रस्थानी होत्या. मोठेपणी मात्र चित्रपटांना तसा प्रतिसाद लाभला नाही. १९५० मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, त्या चित्रपटांतून निवृत्त झाल्या. त्याच वर्षी चार्ल्स ब्लॅक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९६७ मध्ये काँग्रेसच्या निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकन शिष्टमंडळावर त्यांची नेमणूक झाली. १९७२ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णशय्येवरूनच त्यांनी पत्रकारांना आपला आजार सांगितला आणि स्त्रियांना वेळीच तपासणी करून घेण्याचे आवाहन केले. या विषयाचा उच्चारही टाळला जाई, त्या काळातील हे मोठे धैर्य होय. पुढे त्या घानामध्ये राजदूत (१९७४–७६) व अमेरिकेच्या पहिल्या महिला राजशिष्टाचार प्रमुख झाल्या. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएट रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा त्या तेथेच होत्या. १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील राजदूत म्हणून त्याच शहरात त्यांनी साम्यवादी राजवटीचा अंत पाहिला. बालपणीच्या कीर्तीवर विसंबून न राहता त्यांनी सार्वजनिक जीवनात स्वतंत्र कर्तृत्व सिद्ध केले.