भाकरीसाठी बाटले?

आमच्या कसबा पेठेत ब्रदर देशपांडे चर्च आहे. दर रविवारी तिथं जाणारं आमच्या आळीतलं एक घर मूळचं राहुरीकडचं. त्यांच्यामागं बोललेला एक शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय : भाकरीसाठी बाटलेले. ही शिवी इतिहासात टिकते काय, ते एकदा तपासू.

अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) १८३१ साली आलं. खेड्यापाड्यांतून मंडळीत आले ते मुख्यतः महार आणि मांग. याच मिशनच्या ‘ज्ञानोदया’नं १८५५ साली मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापला. ही जोतीरावांच्या शाळेतली पुण्याची पोर. त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, मिशनचे रूफस अँडरसन अमेरिकेहून आले. त्यांचं म्हणणं : गावच्या मंडळीचा पाळक गावच्यांतलाच असावा, त्याचा खर्चही मंडळीनंच उचलावा. ज्यांच्या घरी रात्रीच्या भाकरीची पंचाईत, त्यांनी पाळक पोसायचा! पूर्ण जमलं नाही. मिशनचा पैसा लागतच राहिला. पण बलुत्यावर जगणारा माणूस पहिल्यांदाच देणारा झाला.

मग १८७६-७८ चा दुष्काळ. पुन्हा १८९६-९७, पुन्हा १८९९-१९००. मिशननं अन्न दिलं, माणसं आली. हे खरंच आहे, लपवायचं कशाला? उपाशी माणसानं अन्न देणाऱ्याकडं जाऊ नये तर कुठं जावं? पण पाऊस पडला, मदत थांबली. काही परत फिरले, तरी गावोगावच्या मंडळ्या मोडल्या नाहीत.

सगळं गोड होतं असंही नाही. जात काही चर्चच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात बाबासाहेबांनी ख्रिस्ती बांधवांना तोंडावर सुनावलं, की तुम्ही राजकारणात हक्कांसाठी लढत नाही. ती टीका आजही वाचण्यासारखी आहे.

खरी कसोटी १९५० ची. राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानं सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच. २०२२ साली केंद्रानं या प्रश्नावर आयोग नेमला, इतकंच. म्हंजे ज्याला भाकरीच हवी, त्यानं कागदावर हिंदू लिहावं की! काहींनी लिहिलंही, मी त्यांना दोष देणार नाही. पण ज्यांनी नाही लिहिलं, नापिकीतही चर्चचं छप्पर शाकारत राहिले, ते कुठल्या भाकरीसाठी?

आपल्याला हे कळायला पाहिजे. १९५६ च्या दीक्षेनंतर केंद्राच्या यादीबाहेर आपणही चौतीस वर्षं काढली. बौद्ध झालात, आता सवलती कशाला, हे आपल्या बापांनी ऐकलंय. तीच शिवी आपण दुसऱ्याला कशी देणार?

तेव्हा नगर जिल्ह्यात शिबिराला जाल तर बौद्धवाड्यावरूनच माघारी फिरू नका. चर्चच्या ओट्यावरही बसा. १९५० च्या त्या आदेशाविरुद्धची सही मागायला जा आणि आपलीही द्या.