कोमेजलेलें रोप

मृगाच्या पावसावर पेरणी होते, ज्वारीचीं रोपें चार पानांवर येतात, आणि मग पाऊस दडी मारतो. पंधरवड्यांत रोपें माना टाकतात. अशा वेळीं शेतकऱ्यापुढें प्रश्न उभा राहतो तो हा, कीं रोप मेलें आहे कीं जिवंत आहे? मेलें असेल तर दुबार पेरणीसाठीं पुन्हा बियाणें विकत घ्यावें लागणार. जिवंत असेल तर तें मोडणें म्हणजे हातचें पीक घालविणें. आपल्या अंगणांतील तुळस कोमेजली तर आपण तांब्याभर पाणी घालतों आणि विसरून जातों. परंतु कोमेजणें आणि मरणें यांमधील सीमा कोठें आहे, याचा शोध दोनशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे.

त्याचा आरंभ एका तराजूनें झाला. इंग्लंडांतील टेडिंग्टन गांवचे पाद्री स्टीफन हेल्स यांनीं १७२४ च्या उन्हाळ्यांत कुंडींतील साडेतीन फूट उंचीचें सूर्यफुलाचें झाड घेतलें, कुंडीचें तोंड शिशाच्या पत्र्यानें झांकलें, आणि सकाळ-सायंकाळ तिचें वजन केलें. दिवसाच्या बारा तासांत सरासरीनें वीस औंस पाणी पानांवाटें हवेंत जातें, असें त्यांना आढळलें. झाड पाणी पितें हें सर्वांस ठाऊक होतें. तें किती उडवितें, हें हेल्स यांच्या १७२७ च्या ग्रंथानें दाखविलें. कोमेजणें म्हणजे या जमाखर्चांत पडलेली तूट होय.

पण तूट कोठपर्यंत चालते? याचें उत्तर अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील लीमन ब्रिग्ज व होमर शांट्झ यांनीं १९१२ सालीं दिलें. त्यांचा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यांत यंत्र जवळजवळ नाहींच. लहान भांड्यांतील मातींत गव्हाचीं व इतर पिकांचीं रोपें वाढवावयाचीं, माती मेणानें बंद करावयाची, आणि वाट पाहावयाची. रोप कोमेजलें कीं तें दमट हवेंत ठेवावयाचें. तेथें तें पाण्यावांचून सावरलें, तर कोमेज तात्पुरती. न सावरलें, तर त्याला घेतां येईल असें पाणी मातींत उरलेलें नाहीं. मग ती माती वाळवून शिल्लक पाणी मोजावयाचें. भरड वाळूंत तें सुमारें एक टक्का भरे, तर चिकण मातींत पंधरा टक्के किंवा त्याहूनहि अधिक. मात्र एकाच मातींत निरनिराळ्या वनस्पतींमध्यें फरक अगदींच थोडा! म्हणजे आपल्याकडील काळी जमीन पुष्कळ पाणी धरते खरी, पण त्यांतील मोठा वांटा ती रोपाला कधींच देत नाहीं. १९२३ पासून पुण्याजवळील मांजरी येथें व १९३३ पासून सोलापुरास कोरडवाहू शेतीचे जे प्रयोग झाले, त्यांत बांधबंदिस्ती, कुळवणी, विरळ पेरणी यांवर भर होता. ओल जमिनींत टिकवावी, हाच त्यांचा हेतु.

सगळें श्रेय मातीलाच देणें मात्र रशियन संशोधक निकोलाय मॅक्सिमोव्ह यांना पटलें नाहीं. कोरड्या प्रदेशांतील वनस्पति काटकसरी असतात ही समजूतच त्यांनीं खोडून काढली. पाणी मिळतें तोंवर त्यांतील पुष्कळशा तें मुक्तहस्तानें उडवितात. त्यांचें सामर्थ्य तूट सोसण्यांत असतें. पुढें १९५७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राल्फ स्लेटियर यांनीं दाखविलें कीं कोमेजण्याची सीमा केवळ मातीची नसून पेशींतील रसाच्या तीव्रतेवरहि अवलंबून असते.

आणखी एक कोडें शिल्लक होतें. पाणी मिळाल्यावर कांहीं तासांतच पानें ताठ होतात; पण रोप लगेच वाढूं लागत नाहीं. पानांवरील सूक्ष्म रंध्रें कांहीं दिवस अर्धवट मिटलेलींच राहतात, आणि रंध्रें मिटलीं कीं अन्न तयार होणेंहि मंदावतें. १९६९ सालीं इंग्लंडांत राइट व हायरन यांनीं तोडलेलीं गव्हाचीं पानें कोमेजूं दिलीं, तेव्हां त्यांत अ‍ॅब्सिसिक आम्ल कांहीं तासांतच अनेक पटींनीं वाढलेलें आढळलें. गंमत अशी, कीं हें द्रव्य १९६३ सालीं कापसाच्या कोंवळ्या बोंडांतून, गळतीचें कारण शोधतांना, हातीं आलें होतें! तें रंध्रें मिटवितें. आणि पाणी मिळाल्यावर तें ओसरण्यास वेळ लागतो, हें त्या विलंबाचें निदान एक कारण आहे. दरम्यान जुनीं पानें बहुधा जातात, आणि रोप सावरतें तें नव्या पानांवर.

नवीं पानें येतील कीं नाहीं, हें वरून पाहून कळत नाहीं. ज्वारीचा वाढीचा कोंब पेरणीनंतर पहिले तीनचार आठवडे जमिनीच्या पृष्ठभागाखालींच असतो. वरचीं पानें करपलीं तरी तो शाबूत असूं शकतो. शेतांत ठिकठिकाणचीं पांचदहा रोपें उपटून बुडखा उभा चिरावा. आंतील कोंब पांढरा व घट्ट असेल तर पावसाची वाट पाहण्यांत अर्थ आहे. तपकिरी आणि लिबलिबीत झाला असेल तर कुळव घालावा.