जुहूचे मैदान आणि मॉथ विमान

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कमिशनर आणि डेप्युटी कमिशनर यांचे बंगले ज्या ऐसपैस आवारांत उभे राहिले, तेथील सामाजिक जीवनाचे केंद्र, देशातील इतर सिव्हिल लाइन्सप्रमाणेच, साहेबलोकांचा क्लब हे होते. आणि अशा बहुतेक क्लबांच्या दारांतून एतद्देशीयांना सदस्य म्हणून प्रवेश नसे. ‘क्लब’ याच नावाच्या संस्थेने पुढे हिंदी तरुणांना आकाशाचे दार उघडून द्यावे, हा इतिहासाचा योग मला फार महत्त्वाचा वाटतो.

1927 साली हिंदुस्थान सरकारने मुलकी विमानखाते स्थापन करून कर्नल शेल्मरडाइन यांना त्याचे संचालक नेमले, आणि 1928 च्या सुमारास मुंबई, कराची, दिल्ली व कलकत्ता येथे सरकारी अनुदानाच्या आधारावर फ्लाइंग क्लब निघाले. यांपैकी मुंबई आणि कराची ही दोन्ही शहरे तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असत. मुंबईच्या क्लबने जुहूचे मैदान घेतले. आणि महायुद्धात विमान कोसळून कायमचे पायाने अधू झालेले सर व्हिक्टर ससून यांच्यासारखे गिरणीमालक या चळवळीच्या अग्रभागी राहिले.

परंतु नियम, वर्गणी आणि अनुदानाची मंजुरी एवढ्यावर उड्डाणसंस्था उभी राहत नाही; तिला विमान लागते, आणि तेही असे की जे नवशिक्याच्या हाती देता येईल, मोडले तर गावच्या सुताराला दुरुस्त करता येईल आणि ज्याचा खर्च वर्गणीदारांना पेलेल. हे सर्व गुण जेफ्री द हॅविलंड यांच्या 1925 सालच्या मॉथ विमानात एकवटले होते, आणि म्हणूनच इंग्लंडातील क्लबांप्रमाणे हिंदुस्थानातील क्लबांनीही तेच पसंत केले. त्याचा सांगाडा लाकडाचा, पंखांवर ताणून बसविलेले व रोगणाने घट्ट केलेले कापड, आणि इंधनाची टाकी वरच्या पंखात, जेणेकरून पेट्रोल पंपावाचून आपल्याच भाराने इंजिनाकडे उतरावे. पंख मागे दुमडता येत असल्यामुळे ते साध्या छपराखालीही मावे. पुढे-मागे दोन उघड्या बैठका. शिक्षक आणि शिष्य यांचे बोलणे एका नळीतून चाले. आणि इंजिन सुरू करावयाचे ते जमिनीवरील माणसाने पंखा हाताने फिरवून. किंमत साडेसहाशे पौंडांच्या आसपास, म्हणजे रुपयाला अठरा पेन्स या तत्कालीन सरकारी दराने साडेआठ हजार रुपयांहून थोडी अधिक. एकट्या मध्यमवर्गीयास अशक्य, पण मंडळीस शक्य. जुहूचे मैदान मात्र समुद्रकाठचे व सखल. पावसाळ्यात ते चिखलाने असे भरून जाई की पुढे टाटांच्या टपालविमानांनाही त्या महिन्यांत पुण्यास मुक्काम हलवावा लागे.

याच मैदानावर शिकून जे. आर. डी. टाटा यांनी 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला, आणि हिंदुस्थानात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक 1 होता. त्या वेळी साम्राज्याच्या वायुदलात हिंदी तरुणास अधिकारपद मिळण्याची वाट बंद होती. इंग्लंडातील क्रॅनवेलच्या वायुदल-विद्यालयात पहिले हिंदी विद्यार्थी दाखल झाले ते 1930 साली, आणि भारतीय वायुदलाची स्थापना झाली ती 8 ऑक्टोबर 1932 रोजी. म्हणजे लष्कराने जे नाकारले होते ते एका मुलकी क्लबने, वर्गणी आणि परीक्षा यांपलीकडे काही न मागता, आधी देऊन टाकले. याचे श्रेय क्लबांच्या चालकांना पुरतेपणी कधी दिले गेले नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

आगाखान यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावले, तेव्हा 1930 साली जे. आर. डी. कराचीहून निघाले आणि कराचीचाच अवघा सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीर येथे पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगावाचून अडकून पडला होता. प्रतिस्पर्धी असूनही जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यास काढून दिला, आणि शर्यत अ‍ॅस्पीने जिंकली. दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, जे. आर. डी. कराचीहून टपालाची थैली घेऊन जुहूस उतरले. आणि अ‍ॅस्पी इंजिनियर वायुदलात दाखल होऊन 1960 पासून 1964 पर्यंत त्या दलाचे प्रमुख होते.