स्काऊट-गाईड: गळ्यातला स्कार्फ कशाला असतो?

१९०७ मध्ये बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. १९०९ ला स्काऊट भारतात आलं, पण सुरुवातीला भारतीय पोरांना प्रवेश नव्हता. मग अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय यांनी वेगळी पथकं उभी केली. ७ नोव्हेंबर १९५० ला ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ स्थापन झाली. पुढच्या वर्षी गाईड मुलीही त्यात आल्या.

सलामीची तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग: देव-देशाप्रति कर्तव्य, इतरांना मदत, नियमांचं पालन.

स्कार्फ नुसता शोभेचा नाही. हात मोडला तर त्याचीच झोळी होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवलं, बाहेरची मदत पोचेपर्यंत गावच गावाला वाचवतं. म्हणून शाळेत पोरं गाठी मारायला शिकत असतील, तर त्याला टाईमपास समजू नका.