मेल येतात, पण जात नाहीत : ‘सेंड’ नेमकं कुठे अडतं?

संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममध्ये नवे मेल व्यवस्थित येत आहेत, इंटरनेट चालू आहे, ब्राउझरमध्ये सगळं उघडतंय, पण ‘सेंड’ दाबलं की मेल जात नाही. थंडरबर्ड किंवा आउटलुक वापरणाऱ्यांना ही अडचण कधी ना कधी येतेच. मग दिसेल ते सेटिंग बदलून बघितलं जातं, पासवर्ड तीन-तीनदा टाकला जातो आणि शेवटी खातंच काढून पुन्हा जोडलं जातं. हा शेवटचा उपाय तर चांगलाच महागात पडू शकतो. मेल ‘पॉप’ पद्धतीने उतरवले जात असतील तर जुने मेल बहुधा त्याच संगणकावर असतात, आणि खात्याबरोबर तेही हातचे जाऊ शकतात.

सेटिंग बदलण्याआधी एकच गोष्ट शोधायची असते : मेल कुठपर्यंत पोहोचला आणि कुठे थांबला? तो संगणकातच पडून आहे, सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, सर्व्हर ओळख मान्य करत नाही, की ओळख पटूनही पत्र नाकारतोय? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पासवर्डची अडचण पोर्ट बदलून सुटत नाही आणि पोर्टची अडचण पासवर्ड बदलून सुटत नाही.

इथली मेनूंची नावं थंडरबर्डची आहेत. आउटलुकमध्ये ती वेगळी दिसतील, कारणं मात्र तीच.

निविदा, अर्ज, रिटर्न असं काही असेल आणि मुदत आजच संपत असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. ब्राउझरमधून त्याच खात्यात जाऊन मेल पाठवा. फक्त नंतर प्रोग्रॅमच्या आउटबॉक्समधली अडकलेली प्रत काढून टाका. नाहीतर दुरुस्ती झाल्याबरोबर तीही निघून जाईल आणि समोरच्याला तोच अर्ज दोनदा मिळेल.

येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी

“मेल येतोय म्हणजे सेटिंग बरोबरच आहे,” हा सगळ्यात मोठा गैरसमज. आलेले मेल वाचण्यासाठी प्रोग्रॅम ‘आयमॅप’ किंवा ‘पॉप’ सर्व्हरशी बोलतो. मेल पाठवण्यासाठी तो ‘एसएमटीपी’ नावाच्या वेगळ्या सर्व्हरकडे जातो. दोघांचे पत्ते वेगळे, पोर्ट वेगळे, लॉगिनही स्वतंत्र. पोस्टमन घरी पत्रं आणून देतो म्हणून कोपऱ्यावरची टपालपेटी उघडी असेलच असं नाही, तसाच हा प्रकार.

एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. तेव्हाच्या जाळ्यावर मोजके संगणक होते आणि एकमेकांवर भरवसा होता. त्यामुळे पत्र स्वीकारताना पासवर्ड विचारण्याची सोयच त्या नियमांत नव्हती. पुढे स्पॅमचा पूर आला आणि हा भरवसा महाग पडला. सर्व्हरांनी आपसात पत्रं द्यायची ती पोर्ट २५ वरून, आणि सामान्य वापरकर्त्याने आपलं पत्र द्यायचं ते पोर्ट ५८७ वरून, अशी विभागणी १९९८ मध्ये मांडली गेली. लॉगिनची सोय १९९९ मध्ये नियमांत आली. पोर्ट ४६५ ची कहाणी थोडी गमतीची आहे. सुरक्षित जोडणीसाठी ते एकदा दिलं गेलं, मग काढून घेतलं, तरी लोक वापरतच राहिले आणि २०१८ मध्ये त्याचीच पुन्हा शिफारस झाली. आज दिसणारे निम्मे गोंधळ या इतिहासातूनच आले आहेत.

आधी आउटबॉक्स बघा

थंडरबर्डच्या डाव्या बाजूला ‘लोकल फोल्डर्स’खाली ‘आउटबॉक्स’ असतो. मेल तिथे असेल तर तो संगणकाबाहेर पडलेलाच नाही. अशा वेळी खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह बघा. प्रोग्रॅम ‘ऑफलाइन’ आहे का ते तिथे कळतं. चुकून क्लिक बसून ते बदललेलं असणं अगदी नेहमीचं. फाइल मेनूतल्या ‘ऑफलाइन’मध्ये जाऊन ‘वर्क ऑफलाइन’वरची खूण काढा आणि ‘सेंड अनसेंट मेसेजेस’ निवडा. ‘सेंड’ऐवजी ‘सेंड लेटर’ दाबलं गेलं असेल तरी मेल इथेच येऊन बसतो, तोही कसलीही तक्रार न करता. म्हणून तर तो धोक्याचा. मेल गेला असं समजून माणूस निर्धास्त असतो आणि आठवड्याने समोरून विचारणा होते.

सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही

बराच वेळ फिरतं चक्र दिसून ‘टाइम्ड आउट’ किंवा ‘जोडणी झाली नाही’ असं आलं, तर पासवर्डचा प्रश्नच अजून आलेला नाही. इथे तीन गोष्टी तपासायच्या : सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि सुरक्षेचा प्रकार. अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडच्या यादीत अगदी तळाला ‘आउटगोइंग सर्व्हर’ असा वेगळा भाग आहे. थंडरबर्डने जाणारे सर्व्हर खात्यांपासून असे वेगळे ठेवल्यामुळे अनेकांना ते सापडतच नाहीत.

पोर्ट आणि सुरक्षा यांची जोडी ठरलेली असते. ४६५ असेल तर ‘एसएसएल/टीएलएस’, ५८७ असेल तर ‘स्टार्टटीएलएस’. पहिल्यात जोडणी सुरुवातीपासूनच कूटबद्ध असते. दुसऱ्यात आधी साधं बोलणं सुरू होतं आणि मग कुलूप लागतं. जोड्या उलटसुलट झाल्या की दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात आणि शेवटी वेळ संपते. जीमेलचा सर्व्हर दोन्ही पोर्टवर चालतो, मात्र जोडी बरोबर हवी. सेटिंगमध्ये अजून २५ असेल तर ते बदलाच. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकांना या पोर्टवरून बाहेर जाऊच देत नाहीत.

सेटिंग बरोबर आहे आणि कालपर्यंत मेल जातही होते, तर संशय जाळ्यावर घ्यायचा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तोच मेल पाठवून बघा. गेला, तर दोष प्रोग्रॅममध्ये नाही. ऑफिसच्या, हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायने तो पोर्ट बंद केलेला आहे. हॉटस्पॉटवरही नाही गेला, तर व्हीपीएन आणि अँटिव्हायरसकडे वळा. काही अँटिव्हायरस जाणारे मेल तपासण्यासाठी मध्ये उभे राहतात आणि सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या जागी स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतात. थंडरबर्डला ते ओळखीचं नसलं की जोडणी तुटते. संपूर्ण अँटिव्हायरस काढून टाकायची गरज नाही, त्यातलं मेल तपासणीचं बटण बंद करून बघणं पुरतं. प्रमाणपत्राची तक्रार येत असेल तर संगणकाची तारीखही बघून घ्या. जुन्या डेस्कटॉपचा सेल उतरला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं.

पासवर्ड बरोबर, तरी नकार

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात. सर्व्हरने ५३५ या क्रमांकाचं उत्तर दिलं, तर त्याचा अर्थ ओळख पटली नाही. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर कारण साधं आहे : थंडरबर्ड येणाऱ्या आणि जाणाऱ्या सर्व्हरचे पासवर्ड वेगवेगळे जपून ठेवतो. एक नवा झाला, दुसरा जुनाच राहिला. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ उघडा, एसएमटीपीने सुरू होणारी ओळ काढून टाका. पुढच्या वेळी मेल पाठवताना प्रोग्रॅम नवा पासवर्ड विचारेल.

पण पासवर्ड अगदी बरोबर असूनही नकार येत असेल, तर बहुधा नियमच बदललेला असतो. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून लॉगिन करणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल यांसारख्या वैयक्तिक खात्यांसाठी हेच १६ सप्टेंबर २०२४ पासून केलं. वर्षानुवर्षं चाललेलं सेटिंग एका सकाळी बंद पडलं, त्याचं कारण अनेकदा एवढंच होतं.

उपाय म्हणजे आउटगोइंग सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ या ठिकाणी ‘ओ-ऑथ २’ निवडायचं. मग मेल पाठवताना गुगलची किंवा मायक्रोसॉफ्टची खिडकी उघडते, तिथे लॉगिन केलं की झालं. पासवर्ड थंडरबर्डकडे जातच नाही. ती खिडकी कोरी राहिली किंवा पुन्हा पुन्हा उघडत राहिली, तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद नाहीत ना ते बघा. ही अट कुणाच्या चटकन लक्षात येत नाही.

प्रोग्रॅम फार जुना असेल आणि त्यात ‘ओ-ऑथ २’ नसेल, तर गुगलच्या खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घेता येतो. ५३४ क्रमांकाचं उत्तर आलं तर सर्व्हर तोच मागत असतो. गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे ॲप पासवर्ड रद्द होतात, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

एकाच प्रोग्रॅममध्ये दोन-तीन खाती असली की आणखी एक घोळ होतो. ऑफिसच्या पत्त्यावरून लिहिलेला मेल घरच्या जीमेलच्या सर्व्हरकडे जातो. काही सर्व्हर ‘हा पत्ता तुमचा नाही’ म्हणून ५५३ क्रमांकाने तो परत करतात. जीमेल बहुतेक वेळा मेल पाठवतो, पण ‘प्रेषक’ म्हणून स्वतःचा पत्ता घालतो. ग्राहकाला दुकानाच्या नावाऐवजी मालकाचा खासगी पत्ता दिसतो तो असा. प्रत्येक खात्याच्या मुख्य पानावर तळाशी कुठला आउटगोइंग सर्व्हर निवडलेला आहे ते एकदा तपासून घ्यावं.

ओळख पटली, पत्र नाकारलं

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला तीन अंकी आकडा असतो आणि त्याचा पहिला अंकच निम्मं काम करतो. ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती : थोड्या वेळाने पुन्हा पाठवा, सेटिंगला हात लावू नका. ५ ने सुरू झाला तर तोच मेल तसाच कितीदाही पाठवला तरी जाणार नाही, काहीतरी बदलावंच लागेल. चूक दाखवणारी खिडकी घाईने बंद करण्यापेक्षा तिचा फोटो काढून ठेवा.

५५० बहुतेकदा पत्त्याबद्दल असतो. सोसायटीच्या ६० सभासदांना एकच सूचना पाठवताना एक पत्ता जरी नाकारला गेला, तरी थंडरबर्ड पूर्ण मेल थांबवतो आणि बाकीच्या ५९ जणांनाही काही मिळत नाही. खिडकीत नेमका तो पत्ता लिहिलेला असतो; तो काढा आणि पाठवा.

मराठीत टाइप करणाऱ्यांची एक खास अडचण इथेच येते. विषय आणि मजकूर देवनागरीत असला तरी काहीच बिघडत नाही. पण कीबोर्ड मराठीवर राहिला आणि पत्त्यातला एखादा आकडा देवनागरीत पडला, तर डोळ्यांना पत्ता जवळजवळ तसाच दिसतो आणि सर्व्हर तो नाकारतो. देवनागरी ईमेल पत्ते असू शकतात, त्यासाठीचे नियम २०१२ मध्ये आले; मात्र मधल्या सगळ्या सर्व्हरांना ते कळावे लागतात. पत्ता व्हॉट्सॲपवरून उचलून चिकटवला असेल तर मागेपुढे स्वल्पविराम किंवा जास्तीची जागा आली नाही ना, तेही बघा.

५५२ म्हणजे पत्र फार मोठं. इथे हिशेब फसवा आहे. मेलमध्ये फाइल जशीच्या तशी जात नाही. दर तीन बाइटची चार अक्षरं होतात. त्यामुळे २० एमबीची फाइल प्रवासात साधारण २७ एमबी होते, आणि सर्व्हरची मर्यादा २५ एमबीच्या पूर्ण पत्रावर मोजलेली असेल तर ती अडते. अशा वेळी फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवणंच सोपं. ५५४ हा सरसकट नकार असतो, बरेचदा मजकूर किंवा जोडलेली फाइल स्पॅमसारखी वाटल्यामुळे.

गेलेला मेल, न गेल्याची तक्रार

मेल पाठवल्यावर थंडरबर्ड आणखी एक काम करतो : त्याची प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये ठेवतो. हे काम एसएमटीपीचं नाही, आयमॅपचं. प्रत ठेवताना काही बिघडलं तरी समोर चुकीची खिडकी येते आणि माणूस पुन्हा ‘सेंड’ दाबतो. पलीकडे तोच मेल तीनदा पोहोचलेला असतो. म्हणून खिडकीतलं वाक्य शेवटपर्यंत वाचा. मेल गेला पण प्रत ठेवता आली नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं असतं. जीमेलचा सर्व्हर पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो. त्यामुळे जीमेलच्या खात्यात ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मधली प्रत ठेवण्याची खूण काढून टाकली तरी चालतं.

याच्या उलटही घडतं. सर्व्हरने २५० हे उत्तर दिलं म्हणजे पत्राची जबाबदारी घेतली, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या सर्व्हरने नकार दिला तर काही मिनिटांनी किंवा काही तासांनी ‘मेलर डीमन’ नावाने परत आल्याचा मेल येतो. ‘सेंट’मध्ये दिसणं आणि समोरच्याला मिळणं यांत हे अंतर असतं, म्हणून महत्त्वाचा कागद पाठवल्यावर इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघत राहा.

या परत आलेल्या मेलच्या नावाखाली फसवणूकही चालते. “तुमचे सात मेल सर्व्हरवर अडकले आहेत, सोडवण्यासाठी इथे लॉगिन करा” असे खोटे मेल फिरत असतात. खऱ्या परत आलेल्या मेलमध्ये कुणाला लिहिलं होतं तो पत्ता आणि तीन अंकी आकडा असतो. पासवर्ड मागणारं बटण कधीच नसतं. मदतीसाठी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना आकडा आणि वाक्य दिसू द्या, ईमेल पत्ता झाका, आणि ॲप पासवर्डचा फोटो कुणी कितीही आपुलकीने मागितला तरी देऊ नका.